इग्वानाने धरलेलं बोट

गॉलवेत इग्वाना नसतात. हे वाक्य त्या उन्हाळ्यात मी इतक्या जणांकडून ऐकलं, की शेवटी समोरच्याने तोंड उघडायच्या आधी मीच ते म्हणून टाकायची. इमर्जन्सीतल्या नर्सला, एक्स-रे काढणाऱ्याला, भुलीच्या डॉक्टरला. नसतात, मान्य. पण मला चावला तो इग्वानाच होता, घोरपडीसारखा दिसणारा मोठा सरडा, आणि त्याच्यापायी माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट जायची वेळ आली होती.

हे लिहितेय ते अशा कुणासाठी, ज्याच्या हाताला काहीतरी चावलंय, बोट सुजलंय आणि घरातलं कुणीतरी सांगतंय की उद्यापर्यंत उतरेल. मी डॉक्टर नाही. मला झालं ते तेवढं सांगते.

मी अमरावतीची. शिकायला इथे, आयर्लंडमधल्या गॉलवेला आले आणि इथलीच झाले. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत मी नमुने जुळवायचं काम करते. मायक्रोस्कोपखाली केसाएवढी तार अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची आणि नळीत सरकवायची. मशीन हे अजून नीट करत नाही, म्हणून माझी नोकरी आहे. म्हणजे त्या एका बोटाला काय झालं असतं तर माझं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. नवरा निखिल घरूनच सॉफ्टवेअरचं काम करतो. मुलगी ईरा आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र गॉलवेच्या इंग्रजीत देते. त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती.

पकडला कसा

आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटो बरेच दिवस फिरत होते. कधी कुणाच्या भिंतीवर, कधी ट्रॅम्पोलिनवर. कुणीतरी पाळलेला सुटला असणार, नाहीतर घर सोडून जाताना सोडून दिला असणार. मालक काही पुढे आला नाही. ऊन होतं तोवर त्याचं बरं चाललं होतं, लोकांच्या बागेतली पानं खात होता. मग एका दुपारी वारा फिरला, पाऊस आला, आणि तो आमच्या शेडमागे कचऱ्याच्या डब्यांपाशी येऊन पडला. शेपटीसकट माझ्या हाताएवढा लांब. हलेना.

मी प्राण्यांच्या बचाव केंद्राला फोन केला. तिथल्या बाईने व्यवस्थित सांगितलं की वरून खोका ठेवा, हात लावू नका, सकाळी आमचा माणूस येईल. आणि हेही सांगितलं की पाळलेला असला तरी इतके दिवस बाहेर राहिलेला प्राणी आता जंगलीच समजायचा. निखिलचंही तेच म्हणणं होतं. पण ईरा रडायला लागली होती की तो सकाळपर्यंत मरेल. आई दारात उभी राहून म्हणाली, "हे तं घोरपडच हाय. घोरपड काई करत नाई माणसाले." तिचं लहानपण मेळघाटच्या बाजूला गेलेलं, तिने घोरपडी पाहिलेल्या. आणि मला कुणी नको म्हटलं की तीच गोष्ट करावीशी वाटते, हा माझा स्वभाव.

बागेतले पातळ हातमोजे घातले, टॉवेल टाकला आणि उचलला. अगदी गरीब होता. थंडीने गारठला की हा प्राणी नुसता पडून राहतो, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, बिचारा समजूतदार आहे. मी त्याला स्वयंपाकघरात आणून रेडिएटरजवळ ठेवलं आणि कपड्यांची बास्केट आणायला गेले. परत येईपर्यंत ऊब लागून त्याच्यात जीव आला होता.

बास्केटमध्ये घालायला उचलला, तर आधी शेपटीचा फटका मनगटावर बसला. चाबकाने मारावं तसा. मी हात मागे घेतला, तेवढ्यात त्याने बोट धरलं. चावला आणि सोडलं, असं नाही. धरून ठेवलं. बारीक करवतीसारखे दात, मोज्यातून आरपार. मी ओढलं असतं तर मांस तिथेच राहिलं असतं, म्हणून मी ओढलं नाही. माझ्या आयुष्यात मी तेवढा वेळ कधी गप्प उभी राहिले नसेन. शेवटी त्याने आपण होऊन सोडलं. निखिलने त्याच्यावर बास्केट पालथी घातली आणि वर सहा लिटरचा प्रेशर कुकर ठेवला.

सुजेची गोळी

रक्त नळाखाली धुतलं. आईने जखमेत हळद दाबून भरली आणि वर पट्टी बांधली. मग पर्समधून औषधांचं पाऊच काढून एक कॅप्सूल दिली. "सुजेची हाय. दोन टाइम घे."

ज्यांच्या घरी असं पाऊच नाही त्यांना सांगते. आपल्याकडे मेडिकलवाला पाकीट कात्रीने कापून लागतील तेवढ्याच गोळ्या देतो. औषधाचं नाव राहतं एका तुकड्यावर आणि गोळ्या येतात दुसऱ्या तुकड्यातून. आईच्या पाऊचमध्ये असे दहाबारा तुकडे होते आणि सगळ्यांची नावं तिच्या डोक्यात होती. ही तापाची, ही पित्ताची, ही सुजेची. इथे येणाऱ्या प्रत्येकाचे आईबाप असं काहीतरी घेऊन येतात. कारण इथे डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत आपणच बरे होतो, हे आम्ही सगळेच हसत हसत सांगत असतो.

सकाळी केंद्राचा माणूस आला आणि इग्वानाला घेऊन गेला. माझी पट्टी बघून म्हणाला, आजच्या आज दाखवून घ्या, यांच्या तोंडात काय काय असतं. मी म्हटलं, आय ॲम ग्रँड, म्हणजे मी अगदी ठीक आहे. इथे राहून हे एक शिकलेय. पाय तुटला तरी माणसं ग्रँड असतात.

दुसऱ्या दिवशी सूज जरा कमी वाटली. आई खूश झाली, मीही. ऑफिसात महत्त्वाचं काम होतं, मी डाव्या हाताने कसंबसं भागवत राहिले. मग सूज परत आली आणि बोट आकड्यासारखं वाकून राहिलं. सरळ करायला गेलं की खांद्यापर्यंत कळ जायची. आई म्हणाली, गोळी चालू ठेव. मी चालू ठेवली.

"आज संध्याकाळीच"

अखेर निखिलनेच गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे बराच वेळ बसल्यावर हाताची सर्जन आली. कॉर्क शहरातली, माझ्यापेक्षा वयाने लहान असावी. आधी तिने अख्खी हळद पुसून काढली. पिवळ्याखाली लाल किती आहे ते तिला दिसेना. मग तिने बोटाचं टोक धरून अगदी हळू, जेमतेम नखभर सरळ केलं. मी असा आवाज काढला की पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं.

ती म्हणाली, "आज संध्याकाळीच ऑपरेशन. थांबता येणार नाही."

मला वाटलं होतं इंजेक्शन देतील. तिने खुर्ची ओढून समोर बसून समजावलं. बोट वाकवणारी दोरी एका नळीतून जाते, त्या नळीत पू झालाय. दोरी पुवात राहिली तर मरते, आणि ती मेली की बोट ठेवून उपयोग नसतो. कधीकधी हात वाचवायला बोट काढावं लागतं. तसं होणार नाही म्हणून धुऊन काढू, पण सही करताना हे माहीत असू दे. नळी हा शब्द ऐकून मला हसू आलं. अख्खा दिवस नळ्याच करते मी.

तिने विचारलं, कुठलं औषध घेतलंस? मी सांगितलं, सुजेची गोळी, पेनकिलरच. खोटं बोलले नाही. मला तेवढंच माहीत होतं. सही डाव्या हाताने केली.

वॉर्ड

पहिल्या ऑपरेशननंतर हात स्टँडला टांगून ठेवला होता, वर्गात उत्तर येत असल्यासारखा. सकाळी चहा-टोस्ट, मग डॉक्टरांची फेरी, मग सलाईनमधून औषध, मग जेवण, पुन्हा औषध. पंजाभर ड्रेसिंग, बोटांची टोकं तेवढी बाहेर. दिवसभर मी तर्जनीच्या टोकाचा रंग बघत बसायची. गुलाबी आहे का, काळं तर पडत नाही ना. दर थोड्या वेळाने. रंग बघायचा, छताकडे बघायचं, परत रंग बघायचा.

शेजारच्या पलंगावर नोरा होती. ॲथलोन गावाजवळची म्हातारी, लेकीकडे आलेली असताना पडून मनगट मोडलेलं. तिचा उजवा हात चांगला आणि माझा डावा. सकाळी ती मला टोस्टला लोणी लावून द्यायची आणि ती साखरेची पुडी फाडताना मी टोक धरायची. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला माझी ओळख करून द्यायची, ही इग्वानावाली. कुणाला खरं वाटायचं नाही. त्यावर ती म्हणायची, बघा तिच्याकडे, ही काय थापा मारणारी दिसते? मला त्या माणसांचा राग यायचा आणि नोराचा मात्र कधी आला नाही.

एक दिवस बरं वाटलं. मग पुन्हा ताप, आणि लाली पंजाकडे सरकायला लागली. सर्जनने पेनाने त्वचेवर रेघ ओढून ठेवली होती, लाली त्या रेघेच्या बाहेर गेली. पुवातून काहीच उगवत नाहीये, असं ती म्हणाली. प्रयोगशाळेत जंतू सापडला की त्यावरचं नेमकं औषध देता येतं, इथे जंतू वाढवायचं ताट रिकामंच येत होतं. म्हणून औषध अंदाजाने देतोय आम्ही, असं तिने सांगितलं. दुसऱ्यांदा थिएटरमध्ये न्यायचं ठरलं, आणि या वेळी बोट काढायची शक्यता तिने आधीच सांगून ठेवली. मी निखिलला म्हटलं, बोटाशिवाय मला कामावर कोण ठेवेल? तो म्हणाला, ते नंतर बघू. मी त्याच्यावर खेकसले. नंतर म्हणजे कधी, तुझी बोटं कीबोर्डवर नाचतायत म्हणून तुला सुचतंय. तो खाली कॉफी आणायला गेला.

दाढ

त्या दुपारी आई ईराला घेऊन आली. माझा हात बघून तिने पर्समधून तेच पाऊच काढलं आणि एक तुकडा माझ्या डाव्या हातात दिला. "यायच्या औषधानं उतरत नाई तं ह्या घे. माह्या दाढेची सूज दोन दिवसात उतरली होती यानं."

मी म्हटलं, दाढेची?

हो, ती म्हणाली. दाढ काढली तेव्हा डॉक्टरने दिल्या होत्या. बऱ्याच उरल्या, त्याच आणल्या. त्याच तर तुला देत होते.

दाढ काढल्यावर देतात ती पेनकिलर नसते. निदान नुसती पेनकिलर नसते. मी त्या कॅप्सूलकडे बघत राहिले. अर्धं कापलेलं पाकीट, नाव कुठेच नाही. मी इतके दिवस अँटिबायोटिक घेत होते, तेही अर्धवट, आणि सगळ्यांना सांगत होते की पेनकिलर घेतलंय. ते ताट रिकामं का येत होतं ते मला कळलं. आणि मग माझं डोकं फिरलं.

"बोट गेलं ना, तर ते तुझ्यामुळे."

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. कुणाला मराठी येत नव्हतं, पण असल्या वाक्याला भाषा लागत नाही. ईराला मात्र सगळं कळलं. ती म्हणाली, "Don't say that to Aaji." आईने तुकडा परत पाऊचमध्ये ठेवला, पाऊच पर्समध्ये ठेवलं, आणि पर्स मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. माफी मागावी असं मला तेव्हा अजिबात वाटलं नाही. मला भीती वाटत होती आणि भीतीत मी फार वाईट माणूस होते.

नर्सला बोलावून सांगितलं. निखिलने अमरावतीला माझ्या भावाला फोन लावला, भावाने दातांच्या डॉक्टरला गाठलं, आणि थोड्याच वेळात औषधाचं नाव आमच्या फोनवर आलं. सर्जन ते वाचून धावत आली असं म्हणत नाही, पण चालत आली ती भराभर. तिने मला रागावलं नाही. ती म्हणाली, ही माहिती सोन्यासारखी आहे. या औषधाने जे मरतं ते मेलं असणार, म्हणून ताटात काही येत नव्हतं. आता जे वाढतंय ते या औषधाला आणि आम्ही देत असलेल्यालाही न जुमानणारं आहे. तिने औषध बदललं, आणि त्याच दिवशी मला पुन्हा थिएटरमध्ये नेलं.

लिफ्टपर्यंत निखिल आला. आई आली नाही.

किती

शुद्धीवर आले तेव्हा हात उशीवर होता, पहिल्यापेक्षा मोठा बोळा करून. मला मान तिकडे वळवायची नव्हती. जोवर बघत नाही तोवर बोट आहे, असा हिशेब. नर्सने पाणी हवं का विचारलं. मी नको म्हटलं आणि खिडकीकडे बघत पडून राहिले.

नोराने पलीकडून हाक मारली. "आहे गं ते," ती म्हणाली. "तुला आणलं तेव्हाच मी मोजलीत. पाच."

मी तरी बघितलं नाही. उशीत तोंड खुपसून रडले. मग बघितलं.

काही दिवसांनी दुसऱ्या ऑपरेशनच्या नमुन्यातून जंतू उगवला. नाव मी पाठ केलं होतं, आता विसरले. या प्राण्यांच्या तोंडात असणारा, आणि आईच्या कॅप्सूलला हसणारा. बदललेलं औषध बरोबर त्याच्यावरचं होतं.

घरी

सुटले म्हणजे संपलं असं वाटलं होतं. बोट होतं, पण लाकडासारखं. हाताच्या व्यायामाची बाई म्हणाली की टोक अंगठ्याला लागलं पाहिजे, आणि ते याच आठवड्यांमध्ये. आत्ता नाही आलं तर नंतर येत नाही. रोज गरम पाण्यात हात, रोज वाकवायचं, रोज रडायचं. टोक आणि अंगठा यांच्यात बोटभर फट राहायची. ऑफिसमधून विचारपूस यायची, कधी येणार म्हणून. मी लिहायची, लवकरच.

घरात आई होती आणि नव्हती. पाऊच तिने निखिलच्या हाती देऊन इथल्या फार्मसीत जमा करायला लावलं, ते ठीकच. पण त्यानंतर तिने मला काही म्हणजे काहीच द्यायचं बंद केलं. दूध घे म्हणायची नाही, तेल लावू का म्हणायची नाही. माझ्यासमोर चहा ठेवताना कप निखिलकडे सरकवायची, त्याने मला द्यायचा. मी माफी मागितली. तिने हं केलं. पुन्हा मागितली. ती म्हणाली, "तू खरंच बोलली न बाई. चूक हायेच माही." असं कुणी म्हटलं की माफीचं काय करायचं ते मला येत नाही. इतक्या लांब आलेली माझी आई माझ्याच घरात पाहुण्यासारखी बसून होती, आणि मी त्या बोटाची फट बघत होते.

मध्ये दोन गोष्टी सांगून टाकते, नाहीतर राहतील. असा प्राणी दिसला तर त्याच्यावर खोका ठेवा आणि माहीतगारांना बोलवा. गारठलेला आहे म्हणून शांत आहे, गरीब आहे म्हणून नाही. हात लागला तर साबणाने धुवा, आणि तान्हं मूल घरात असेल तर आत आणूच नका. तो न चावताही आजार देतो. चावला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि घरातल्या कापलेल्या पाकिटांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण पोटात काय गेलंय ते नावानिशी माहीत असू द्या. बस.

आईची परत जायची सकाळ आली. डब्लिनच्या विमानतळाला जाणारी बस, इथे तिला कोच म्हणतात, पकडायची होती. निखिल बॅगा गाडीत भरत होता, ईरा रुसून जिन्यावर बसली होती. माझ्या खोलीत आई आरशासमोर साडी नेसत होती. ती एरवी खांद्यावरची पिन स्वतः लावते, मान वाकडी करून, तोंडात एक पिन धरून. चाळीस वर्षं लावतेय.

मी दारात उभी होते. तिने पदराच्या निऱ्या खांद्यावर जुळवल्या, डाव्या हाताने दाबून धरल्या, आणि उजव्या हाताने पिन माझ्यापुढे केली.

"लावून दे बरं," ती म्हणाली.

मी पिन घेतली. पहिल्यांदा ती सुटून खाली पडली. आईने ती वाकून उचलली आणि परत माझ्या हातात दिली. दुसऱ्यांदा टोक कापडातून गेलं आणि तिच्या खांद्याला टोचलं. तिचा खांदा थरथरला, ती हलली नाही. कळ कोपरापर्यंत येत होती. मी ओठ दाबला, बोट अंगठ्याकडे ओढलं, आणखी ओढलं, आणि पिनेचं तोंड त्या दोघांच्या मध्ये सापडलं.

टक् करून बंद झाली.

आईने आरशात खांद्याकडे बघितलं. मग माझा हात धरून तसाच तिथे ठेवला. खालून निखिल हाका मारत होता, कोच चुकेल म्हणून.